नळ की टाकी?

सल्ला मागायला कोणी दारात आलं, की मला फार बरं वाटतं. स्वतःच्या आयुष्यात घेतलेले निर्णय इतके चुकले आहेत, की दुसऱ्याचे निर्णय घ्यायला लागणारा सगळा अनुभव माझ्या गाठीशी आहे. आमच्या गल्लीतल्या तीन मुलींची लग्नं, दोन घरांचे जिने आणि एका गृहस्थांची दाढ हे सर्व माझ्या सल्ल्यानं मार्गी लागलेलं आहे. त्यातली दाढ चुकीची निघाली, हे खरं. पण मी फक्त 'काढून टाका' एवढंच म्हणालो होतो. कोणती, ते सांगितलं नव्हतं.

त्यामुळं त्या दिवशी भर मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला अक्का दारात उभी राहिली, तेव्हा मी लगेच सावरून बसलो. मे महिन्यात दुपारी दोनला सोलापूरच्या रस्त्यावर जो माणूस दिसतो, तो एक तर परगावचा असतो, नाही तर अडचणीत असतो. अक्का परगावची नव्हे. जोडभावी पेठेत राहते. शिवाय तिच्या हातात शेंगाचटणीचा डबा होता. नुसती भेटायला येते तेव्हा ती रिकाम्या हातानं येते आणि जाताना आमच्याकडचा डबा घेऊन जाते. डबा घेऊन आली, म्हणजे प्रकरण गंभीर.

तिच्या मागं आमचे भाचे उभे होते. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेले, वय वर्षं बावीस, आणि चेहरा असा की पेपर फुटल्याची बातमी यांनाच सगळ्यात शेवटी कळली असावी.

"मामा," भाचा म्हणाला, "नेटवर्किंग करू का सर्व्हर करू, ते काही ठरंना."

मी डोळे मिटून घेतले. विचार करतो आहे असं दिसावं म्हणून. खरं म्हणजे दोन्ही शब्दांपैकी एकाचाही अर्थ मला नीट ठाऊक नव्हता. पण सल्ला देणाऱ्यानं अशा क्षुल्लक गोष्टींसाठी थांबायचं नसतं. मात्र माझ्या आधी अक्कानंच सुरुवात केली.

"नेटवर्क म्हणजे आपल्या फोनमध्ये नसतं, तेच ना?"

"हो," भाचा म्हणाला.

"आणि सर्व्हर म्हणजे ब्यांकेत डाऊन असतो, तो?"

"हो, तोच."

"म्हणजे एक कधी नसतंच, आणि दुसरं कायम बंद. आणि ह्या दोन्हीतलं एक काहीतरी शिकायला नव्वद हजार रुपये?"

"अगं अक्का," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "बंद पडतं म्हणून तर माणूस ठेवतात. सायकली पंक्चर झाल्या नसत्या तर पंक्चरवाल्यानं काय खाल्लं असतं?"

"तो काय नव्वद हजार भरून शिकला का?" अक्कानं विचारलं.

तर्कशास्त्रात अक्काला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी चटणीचा डबा उघडून पाहिला आणि विषय संध्याकाळवर ढकलला.

आता नव्वद हजार ही काही चेष्टेची रक्कम नव्हे. दाजी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. तिथं दिवसाला हजारो टॉवेल निघतात, पण घाम पुसायला दाजींना स्वतःचा रुमाल न्यावा लागतो. त्यामुळं क्लासची फी कुठून येणार, हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काच्या हातात आमच्या आईच्या पाटल्या आहेत. बोलताना ती त्या सारख्या फिरवत होती. नुसत्या सवयीनं नव्हे. निघतात का ते बघत होती.

*

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. १९७५ साली मी स्वतः नेमका अशाच पेचात सापडलो होतो. तेव्हा प्रश्न होता : टायपिंग की शॉर्टहँड? नवी पेठेत एका माडीवर टायपिंगची संस्था होती. वीस यंत्रं एकदम चालू झाली की खालच्या दुकानातला कापड मोजणारा माणूस मीटर विसरायचा. टायपिंग कुणीही करी. शॉर्टहँडला मात्र मान होता. टायपिस्ट बाहेर उकाड्यात बसतो आणि स्टेनो साहेबाच्या खोलीत, पंख्याखाली, असं मला सांगण्यात आलं. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला पंख्याखाली बसण्याचं आमिष दाखवल्यावर तो ध्येयवाद किती दिवस टिकवणार? मी शॉर्टहँड घेतलं. १८३७ सालच्या पिटमनसाहेबांच्या बारीक-जाड रेघा गिरवल्या, शंभर शब्दांची परीक्षा दिली आणि टायपिंग, नाइलाज म्हणून, जाता जाता शिकून घेतलं. कारण स्टेनोला लिहून घेतलेलं शेवटी टाइप करावंच लागतं.

पुढं काय झालं ते तुम्हांला माहीतच आहे. साहेबांनी मजकूर सांगायचा सोडून दिला. आधी ते स्वतःच टाइप करायला लागले, आणि आता तर फोनशी बोलतात आणि फोन लिहून घेतो. माझ्या शॉर्टहँडच्या सहा वह्या माळ्यावर आहेत. त्यांतलं अक्षर आता मला स्वतःलाही लागत नाही, त्यामुळं त्यांत घरातली काही मोठी गुपितं असावीत असा सुनेचा समज आहे. उलट ज्या टायपिंगला मी कमी लेखलं, ते मेलं नाही. गोदरेजनं टंकयंत्रं बनवणं थांबवल्याची बातमी २०११ साली आली, यंत्रं भंगारात गेली. पण अक्षरांची ती दीडशे वर्षांपूर्वीची मांडणी संगणकावर आली, तिथून फोनवर आली, आणि आज माझी नात दोन अंगठ्यांनी त्याच पाट्यांवर नाचत असते.

पण हा धडा मला तेव्हा कळला नव्हता. धडे कळायला नेहमी पन्नासेक वर्षं लागतात, आणि तोपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते.

*

संध्याकाळी दाजी आले. दाजी स्वभावानं अत्यंत शांत. लोडशेडिंगमध्येसुद्धा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. पण भाच्यानं 'नेटवर्किंग' हा शब्द उच्चारला मात्र, आणि दाजी ताडकन उठून उभे राहिले.

"अजिबात नाही! माझ्या जिवात जीव आहे तोवर ह्या घरात नेटवर्किंग होणार नाही!"

खुलासा असा झाला, की कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी दाजींना एका साखळी योजनेत ओढलं होतं. आपण चार माणसं आणायची, त्या चौघांनी आणखी चार-चार आणायची, आणि मग आपण नुसतं घरी बसून मोटार घ्यायची. त्यालाही 'नेटवर्किंग'च म्हणत. दाजींना चार माणसं काही मिळाली नाहीत. मिळाले ते साबणाचे अठ्ठेचाळीस डबे. अक्काच्या घरी तीन वर्षं कपडे, भांडी, फरशी आणि पाहुणे, सगळं त्याच साबणानं धुतलं जात होतं.

"बाबा, हे ते नव्हं," भाचा काकुळतीला येऊन म्हणाला. "ह्यात माणसं जोडायची नसतात. मशिनी जोडायच्या असतात."

"मशिनी चार-चार आणाव्या लागतात का?" दाजींनी खात्री करून घेतली आणि मगच ते खाली बसले.

मग भाच्यानं आम्हां तिघांना समजावून सांगायला घेतलं. त्यानं कागदावर चौकोन काढले, रेघा काढल्या. आयपी पत्ता, राउटर, स्विच वगैरे सांगितलं. ओएसआय नावाचा एक सात थरांचा नकाशा आहे आणि तो १९८४ सालापासून प्रमाण मानतात, असं म्हणाला. सात म्हटल्यावर मला धीर आला, कारण आमच्याकडं सात रस्ता नावाचा चौक आहे. पण लगेच आठवलं, की जन्म सोलापुरात जाऊनही त्या चौकात उभं राहिल्यावर कोणता रस्ता कुठं जातो हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी पुन्हा डोळे मिटले.

शेवटी अक्काच म्हणाली, "थांब. म्हणजे नेटवर्क म्हंजे नळ, आणि सर्व्हर म्हंजे टाकी. असंच ना?"

भाचा तिच्याकडं बघतच राहिला. तीन वर्षं कॉलेजात त्याला हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नसावं. मालाचा साठा करतो, मागेल त्याला काढून देतो, तो सर्व्हर. तो माल इकडून तिकडं नेतं, ते नेटवर्क. कोणत्या घराला कोणता फाटा द्यायचा ते राउटर ठरवतो. आणि रात्री अडीचला उठून व्हॉल्व्ह फिरवणारा जो माणूस असतो, त्याला नेटवर्क इंजिनियर म्हणतात.

"मग टाकीचंच शिक," अक्कानं निकाल दिला. "नळाचं काय, येतो तेव्हा येतो. टाकी रोज लागते."

सोलापूरकराचं मत याहून वेगळं होणं शक्य नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी येण्याची कुणाला सवय नाही. पाणी कधी येतं यापेक्षा साठवायचं कशात, यावर आमच्या घरांची प्रतिष्ठा ठरते. हौद, पिंपं, घागरी, बादल्या आणि तेही भरले की जेवणाची पातेली. पण मी सल्लागार होतो. मला विरुद्ध बाजू घेणं भाग होतं.

"अक्का, पण नळच नसला तर टाकीत येणार काय? उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर नळातून येतं म्हणून तुझं पिंप भरतं."

झालं! त्या रात्री आमच्या घरात दोन पक्ष पडले. सून टाकीच्या बाजूनं गेली, कारण ती रोज पाणी भरते. मुलगा नळाच्या बाजूनं, कारण तो भरत नाही. भाचा मध्ये बसून दोन्हीकडं मान हलवत होता.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं क्लास बघायला निघालो. पहिल्या ठिकाणी नेटवर्किंग शिकवत. तिथल्या बाईंनी आम्हांला थंड खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की सर्व्हर आता संपला, पुढचा जमाना नेटवर्किंगचा. समोरच्या इमारतीत सर्व्हर शिकवत. तिथल्या गृहस्थांनीही थंड खोलीत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की नेटवर्किंग आता संपलं. दोन्ही ठिकाणी 'शंभर टक्के नोकरी' असं भिंतीवर होतं. हमी लिहून द्याल का, असं विचारल्यावर दोन्ही ठिकाणी 'नोकरीसाठी साह्य' असे शब्द निघाले. साह्य म्हणजे काय, तर पुण्याच्या कंपन्यांचे पत्ते. ते आमच्याकडं वर्तमानपत्रात फुकट येतात.

सर्टिफिकेट्सना मुदत असते, हेही मला तिथंच कळलं. नेटवर्किंगमधलं सीसीएनए तीन वर्षं चालतं. लिनक्समधलं रेड हॅटचंही तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टची सर्व्हर-व्यवस्थापनाची नवी सर्टिफिकेट्स तर दर वर्षी ताजी करून घ्यावी लागतात. ती परीक्षा फुकट असते आणि घरबसल्या देता येते, एवढाच दिलासा. मी अवाक झालो. सर्टिफिकेट म्हणजे माझ्या मते काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायची वस्तू. हे लोक तिला दुधाच्या पिशवीसारखी तारीख घालतात. माझ्या बी.कॉम.ला शिवाजी विद्यापीठानं कसलीही मुदत घातलेली नाही. बहुधा त्यात नासण्यासारखं काही नव्हतंच.

घरी आलो तर शेजाऱ्यांचे जावई पुण्याहून आले होते. हे गृहस्थ या धंद्यात तीस वर्षं मुरलेले. शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतात, रविवारभर झोपतात आणि सोमवारी जातात. त्यांना सासुरवाडीत इतकी झोप का लागते, याबद्दल गल्लीत बरंच बोललं जायचं. मी त्यांना बळंच उठवून आणलं.

"मी सुरुवातीला नॉव्हेल शिकलो," ते जांभई आवरून म्हणाले. "त्या काळी त्याच्याएवढं मोठं काही नव्हतं. ती कंपनी २०११ साली दुसऱ्यानं विकत घेतली. मग मी एमसीएसई झालो. २००० सालच्या आसपास त्याची इतकी लाट होती, की लोक प्रश्नोत्तरं पाठ करून पास व्हायचे. सर्व्हरचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर घाम फुटायचा. 'कागदी एमसीएसई' म्हणायचे त्यांना. ते सर्टिफिकेटही ३१ जानेवारी २०२१ ला बंद झालं. सिस्कोनं २०२० च्या फेब्रुवारीत आपल्या सगळ्या परीक्षा मोडून नव्या मांडल्या. आता सर्व्हर स्वतःच्या खोलीत ठेवायलाच कोणी तयार नाही. सगळं क्लाउडवर."

"क्लाउड म्हणजे ढग," भाच्यानं मला हळूच सांगितलं.

"हा ढग असतो कुठं?" मी विचारलं.

"मायक्रोसॉफ्टचा एक पुण्यातच आहे. २०१५ पासून."

मी काही बोललो नाही. पण पुणेकरांनी ढगसुद्धा आपल्याकडंच ठेवून घ्यावा, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. खरा पाऊसही आधी त्यांच्याकडंच पडतो. मग तो भीमेतून उजनीत येतो, आणि उरलं तर आमच्या पिंपात. सोलापुरात ढगावर विसंबून राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"मग मुलानं शिकायचं तरी काय?" मी विचारलं.

"पाटी बघू नका, माल बघा," ते म्हणाले. "आयपी पत्त्याचा जो नियम आज चालतो तो १९८१ साली लिहिलेला आहे. लिनक्स १९९१ चं, पण त्याच्या पोटातल्या आज्ञा युनिक्सच्या, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाच्या. कंपन्या आल्या, गेल्या. सर्टिफिकेटांची नावं बदलली. हे बदललं नाही. ढगसुद्धा ह्यावरच उभा आहे. आधी नेटवर्कचं मूळ पक्कं करा, मग लिनक्स. दोन्ही थोडं थोडं यायलाच पाहिजे. कारण बंद पडलं की सर्व्हरवाला म्हणतो नेटवर्कची चूक, नेटवर्कवाला म्हणतो सर्व्हरची. दोन्हीकडं जाऊन बघतो तो एकच माणूस कामाचा असतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मिटिंगला असतात," असं म्हणून ते परत झोपायला गेले.

*

त्या रात्री उकाड्यानं झोप आली नाही. गच्चीवर पडलो होतो. तिथून पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची. सोलापूरची पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि पुढं शंभर वर्षं ह्या गावाचं घड्याळ गिरणीचा भोंगा होता. आमचे वडील त्याच भोंग्यावर उठले आणि त्याच भोंग्यावर म्हातारे झाले. ते साच्यांवर जॉबर होते. गिरणीतल्या साहेबानं त्यांना कामाबद्दल एक इंग्रजी सर्टिफिकेट दिलं होतं. ते चौकटीत घालून देवघराशेजारी लावलेलं असे. आई उदबत्ती ओवाळताना तिथंही एक वेढा द्यायची.

मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सर्टिफिकेट देणारा साहेब गेला, गिरणी गेली, भोंगा गेला. वडील ती चौकट पिशवीत घालून पूर्व भागात चादरीच्या एका कारखान्यात काम मागायला गेले. मी बरोबर होतो. मालक तेलुगू, त्याला मराठी बेताचं आणि इंग्रजी मुळीच येत नव्हतं. त्यानं चौकट उलटीच धरली. वडिलांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

कारखान्यात एक माग बंद पडला होता. जकार्डचा. जकार्ड म्हणजे चादरीवर मोर काढणारं यंत्र. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं तो खाली राहतो. १८०४ साली फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती. पुढं इंग्लंडात बॅबेजसाहेबांनी आपल्या गणनयंत्रासाठी तीच उचलली. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की वडिलांनी चौकट खाली ठेवली, न विचारता मागापाशी गेले, कान देऊन ऐकलं, दोन पुठ्ठे मागं फिरवले, हात घालून एक तुटका धागा शोधला आणि गाठ मारली. माग चालू झाला. मालकानं चौकट परत केली आणि म्हणाला, "उद्यापासून या."

वडील घरी आल्यावर आईला म्हणाले, "गिरणी कुणाची का असेना. धागा कुठं तुटलाय ते कळलं पाहिजे."

गच्चीवर पडल्या पडल्या मला एकदम वाटलं, की भाच्याला द्यायचा सल्ला घरातच होता आणि मी उगाच थंड खोल्यांतून हिंडत होतो. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर उठून बसला असता. मी कूस बदलली, कारण रात्रीचे दोन वाजले होते आणि खाली नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता. उठलो असतो तर भरावं लागलं असतं.

*

शेवटी असं ठरलं, की नव्वद हजारांचा क्लास लावायचा नाही. पाटल्या हातातच राहिल्या. सिस्कोचं सरावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात राउटर, स्विच, तारा सगळं पडद्यावर मांडून बघता येतं. लिनक्स तर फुकटच. माझा मुलगा जुना संगणक काढून टाकणार होता, तो भाच्यानं उचलून नेला. एक जुना स्विच त्यानं भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं आणला. त्याचा पंखा चालू झाला, की अक्काच्या घरात पॉवरलूम सुरू झाल्यासारखं वाटायचं. आठ महिने ते घर तसंच घरघरत होतं. दाजी रात्री जेवताना विचारायचे, "आज काय तुटलं?" आणि भाचा सांगायचा. तो मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शोधायचा. बिघाड करण्यात तो पहिल्यापासून हुशार. दुरुस्ती हळूहळू जमायला लागली.

मध्यंतरी एका मित्रानं त्याला शंभर टक्के येणारे प्रश्न आणून दिले. ह्याला 'डम्प' म्हणतात. आमच्या वेळी 'अपेक्षित' म्हणत. भाच्यानं दोन दिवस ते उशाखाली ठेवले आणि परत केले. मी विचारलं, का? म्हणाला, "मामा, पाठ केलं तर धागा कसा सापडायचा?" मी चष्मा पुसायला घेतला. उन्हाळ्यात चष्म्यावर धूळ फार बसते.

परीक्षेची फी तीनशे डॉलर, वर कर. ती दाजींनी भरली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्याला माझा अनुभवसिद्ध सल्ला दिला : अवघड प्रश्न आला की सोडून पुढं जायचं आणि शेवटी परत मागं यायचं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला.

"मामा, पास झालो. पण तुमचा सल्ला तिथं चालत नाही. एकदा पुढं गेलं की मागं येताच येत नाही."

आयुष्याशी इतकी जुळणारी परीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही. माझ्या वेळेला असती तर शॉर्टहँडबद्दल मी थोडा जास्त विचार केला असता.

नोकरी लागली पुण्यालाच. पगार फार नाही, पाळी रात्रीची. पहिल्या आठवड्यात त्याचा रात्री बाराला फोन आला. आवाजात मोठी लढाई जिंकल्याचा आनंद होता.

"मामा, आज एका ऑफिसचा सर्व्हर डाऊन होता. दोन तास सगळे भांडत होते, नेटवर्क का सर्व्हर म्हणून. मी जाऊन बघितलं."

"मग? काय होतं? नळ की टाकी?"

"झाडणाऱ्या मावशींनी पंखा लावायला प्लग काढला होता."

दोन्ही परीक्षांमध्ये प्लगचा प्रश्न येत नाही म्हणे. जकार्डच्या मागापाशी कान देऊन उभे असलेले वडील मला एकदम दिसले आणि मी फोन अक्काकडं दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अक्काबरोबर मी एका ब्यांकेत गेलो होतो. पासबुकासाठी ही लांब रांग. खिडकीतल्या गृहस्थांनी नेहमीच्या संथ आवाजात सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

रांग सवयीनं वळली. अक्का वळली नाही. पाटल्या मागं सारून तिनं खिडकीत हात टेकला आणि म्हणाली, "दादा, आधी वायर बघा. माझा मुलगा पुण्याला ह्याच खात्यात आहे."

गृहस्थांनी तिच्याकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, आणि मोठ्या नाखुशीनं टेबलाखाली वाकले.

खाली त्यांना काय सापडलं ते मी सांगणार नाही. ब्यांकेचीही काही अब्रू असते. पण त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांची पासबुकं भरून मिळाली. घरी जाताना अक्का मला म्हणाली, "तू शॉर्टहँडऐवजी हेच का नाही रे केलंस?"